पाणी भरले. सर्व ठीक आहे.

रविवारी सकाळी सव्वासहा वाजता हर्षवर्धन सकपाळ तोंडाला साबण लावून, डोळे घट्ट मिटून बाथरूममध्ये उभा होता आणि नळातून पाण्याऐवजी खोकल्याची उबळ येत होती. त्याने नळ पूर्ण उघडला. उबळ वाढली, आणि मग तीही थांबली. तेवढ्यात बाहेर मोबाइल वाजला.

“सीमा, बघ गं कोणाचा मेसेज आहे!”

“तुझाच आहे,” त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “‘पाणी भरले. सर्व ठीक आहे.’”

“मग नळाला पाणी का नाही?”

“ते मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.”

हर्षवर्धनने चाचपडत पिंप शोधलं, तळाशी उरलेल्या तांब्याभर पाण्यात तोंड धुतलं आणि बाकीचा साबण टॉवेलने पुसून काढला. तो मुळीच घाबरला नव्हता. आपल्या घरचा नळ बिघडला असणार, अशी त्याची खात्री होती. मेसेज प्रोग्रामने पाठवला होता आणि प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला होता. यापेक्षा मोठा पुरावा त्याच्या माहितीत नव्हता.

काळाचौकीच्या ‘एकजूट’ सोसायटीत पंप चालवायला एकोणीस वर्षं गणपत होता. रोज पहाटे साडेपाचला तो खालच्या टाकीत डोकावायचा, पंप चालू करायचा, मग गच्चीवर जाऊन वरच्या टाकीवर बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि आवाजावरून कुठपर्यंत भरली ते सांगायचा. एप्रिलमध्ये तो कायमचा गावी गेला, कणकवलीजवळ. नवा माणूस शोधायला कमिटी बसली तेव्हा आठव्या मजल्यावरचा हर्षवर्धन उभा राहिला.

“माणूस कशाला पाहिजे? पंधरा ओळींचं काम आहे.”

तो लोअर परळच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायचा, आणि लिहायचा चांगले. अडचण एवढीच होती की ते चांगले आहेत हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. पुढच्याच रविवारी त्याने पंपरूममध्ये साबणाच्या वडीएवढा डबा बसवला, वरच्या टाकीत पातळी मोजायचा काटा सोडला आणि पंपाची सगळी सूत्रं त्या डब्याकडे दिली. पहाटे पाणी आलंय का बघायचं, पंप चालू करायचा, टाकी भरली की बंद करायचा आणि चौदा मजल्यांना मेसेज पाठवायचा. मध्येच काही बिघडलं तर चौदा मजल्यांना वेगळा मेसेज पाठवायचा.

वेगळा मेसेज कधी आलाच नाही. सचिव दत्ताराम परब यांना त्याचं फार कौतुक होतं. बहात्तर वर्षांचे दत्तारामकाका तरुणपणी गिरणीच्या विणकाम खात्यात होते. यंत्र नीट चाललं तर त्याच्याबद्दल बोलायचं नसतं, ही त्यांची शिकवण. पण इथे यंत्रच रोज सकाळी स्वतःबद्दल बोलत होतं, आणि तेही चांगलं. नऊ वर्षांनी इमारतीला नवा बदामी रंग लागला होता. त्या निमित्ताने रविवारी दहा वाजता आवारात सभा होती. त्याच सभेत हर्षवर्धनचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी पहाटे, पंपाचा स्टार्टर ट्रिप झाला. थेंबभर पाणी वर चढलं नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला: ‘पाणी भरले. सर्व ठीक आहे.’

वरच्या टाकीत दीड दिवसाचं पाणी होतं, त्यामुळे शुक्रवार निभावला. शनिवारी पहाटे पुन्हा तेच झालं आणि मेसेजही तोच आला. दुपारी तेराव्या मजल्यावरच्या मायाताईंचा नळ घोरायला लागला, तेव्हा त्या जिना उतरून अकराव्या मजल्यावर दत्तारामकाकांकडे गेल्या.

“काका, आमच्याकडे थेंब नाहीये.”

“थेंब नाय म्हणजे?” काकांनी चष्मा चढवून मोबाइल पुढे धरला. “ह्यां बघ. ‘पाणी भरले. सर्व ठीक आहे.’ सहा वाजून धा मिनिटां.”

“अहो, पण नळ...”

“नळ तुझो. मेसेज सोसायटीचो. मग बिघाड खय असतलो?”

हा मुद्दा बिनतोड होता. मायाताईंनी भिवा प्लंबरला बोलावलं. भिवाने नळ उघडला, वायसर बदलला, आणि वाहत्या पाण्यावर तपासून बघायचं म्हटलं तर पाणी नव्हतं. मायाताईंनी त्यालाही मेसेज दाखवला. “मग लाईनीत हवा पकडली,” भिवा म्हणाला. संध्याकाळपर्यंत ती हवा सात घरांत पकडली गेली होती आणि सात वायसर बदलून झाले होते. तिसऱ्या मजल्यावर नळ्यांत उरलेलं पाणी अजून बारीक धारेने येत होतं. त्यामुळे वरच्यांना वाटलं की खालचे मोटर लावून पाणी खेचतायत, आणि खालच्यांना वाटलं की वरचे सुट्टीच्या दिवशी गाद्या धुतायत. जिन्यात दोन ठिकाणी आवाज चढले. एका घराने दुसऱ्याला सत्यनारायणाचं आमंत्रण दिलं होतं ते परत घेतलं.

टाकीत बघावं असं मात्र कोणाच्याही मनात आलं नाही. गच्चीवर रोज जाणारी एकच व्यक्ती होती, दहाव्या मजल्यावरच्या रखमाकाकी. गावाहून आलेल्या दोन पाट्या रातांब्यांची आमसुलं त्यांनी वाळत घातली होती. सालं रसात बुडवायची, उन्हात पसरायची, पुन्हा बुडवायची, असं आठवडाभर चाललं होतं. रसाचं भलंमोठं टोपही तिथेच होतं. मायाताईंनी त्यांना विचारलं, “टाकी भरलेली दिसतेय का हो?”

“टाकी बंद, वर झाकण,” रखमाकाकी म्हणाल्या. “तिका काय तोंड आसा माका सांगूक?”

शनिवारी हर्षवर्धन आणि सीमा दिवसभर तिच्या माहेरी होते. रात्री जेवून परत आले, पिंपातलं पाणी वापरलं आणि झोपले. म्हणून रविवारी सकाळी साबण लावेपर्यंत त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

“हर्ष,” सीमा म्हणाली, “सगळ्या बिल्डिंगला पाणी नाहीये. ग्रुपवर वाच. एकशे बारा मेसेज आहेत.”

“लाईनीत हवा असेल.”

“चौदा मजल्यांच्या?”

सीमा दुसऱ्या एका कंपनीत प्रोग्राम तपासायचं काम करायची. दिवसभर लोकांच्या चुका शोधून ती दमायची आणि घरी आल्यावर दम खायची, असा हर्षवर्धनचा समज होता. तिने कपाटावरून लॅपटॉप काढला. तो शर्ट चढवून दत्तारामकाकांना घेऊन गच्चीवर गेला.

शिडी चढून त्याने टाकीचं झाकण उचललं आणि आत डोकं घातलं.

“किती आसा?” काकांनी खालून विचारलं.

“काका...” आतून घुमत आवाज आला. “तळ दिसतोय.”

“तळ दिसताहा म्हणजे पाणी स्वच्छ आसा?”

“म्हणजे पाणी नाहीये!”

दत्तारामकाकांनी खिशातून मोबाइल काढून मेसेज पुन्हा एकदा वाचला. मग टाकीकडे पाहिलं. दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा याचा निर्णय व्हायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. तेवढ्या अर्ध्या मिनिटात त्यांचा चेहरा पंधरा दिवसांचं सगळं कौतुक विसरला.

खाली पंपरूममध्ये स्टार्टरचा दिवा लाल होता. हर्षवर्धनने खटका वर केला, दिवा हिरवा झाला. बिघाड एवढाच. खालची टाकी काठोकाठ भरलेली होती. दोन दिवस तिच्यातून कोणी काही घेतलंच नव्हतं.

घरी आला तेव्हा सीमाने त्याचा प्रोग्राम उघडून ठेवला होता आणि एका ओळीवर बोट ठेवून ती बसली होती. ते बोट तिने बराच वेळ तिथेच ठेवलेलं असावं. प्रोग्रामचे दोन भाग होते: काम करून बघायचं तो ‘ट्राय’, आणि काम होवो न होवो, शेवटी चालतोच तो ‘फायनली’.

“ही ओळ तू लिहिलीस?”

“कुठली?”

“फायनलीतून रिटर्न केलंयस. पाणी चढवायचं सगळं काम ट्रायमध्ये, बरोबर. बिघडलं तर चूक बाहेर फेकली जाणार, बाहेरचा भाग ती पकडून लोकांना बिघाडाचा मेसेज पाठवणार, तेही बरोबर. जाताना फायनलीत पंप बंद करायचा, उत्तम. पण मग फायनलीतच ‘सर्व ठीक आहे’ म्हणून तिथून उडी मारून बाहेर का पडलास?”

“टाकी भरली तरी तिथूनच जाणार, नाही भरली तरी तिथूनच जाणार. म्हटलं एकाच ठिकाणी लिहू. सुटसुटीत.”

“अरे, ट्रायमधून बाहेर पडायला कुठूनही परवानगी आहे. मधून पड, शेवटाहून पड, चूक होऊन पड. फायनली आपलं काम करतं आणि तुला पुढे सोडतं. पण फायनलीतून उडी मारायची नसते. मारलीस की मागून येणारी चूक जागच्या जागी गडप. स्टार्टर दोन दिवस ओरडतोय, आणि तू दारात उभा राहून सांगतोयस, काही नाही, सगळं ठीक आहे!”

“मशीनने सांगायला हवं होतं.”

“सांगितलं होतं. पिवळ्या अक्षरात. इथे अजून दिसतंय.”

“पिवळी म्हणजे सूचना असते, सीमा. चूक लाल असते.”

सीमाने त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, या नजरेला उत्तर द्यायचं नसतं एवढं तो शिकला होता. तिने ती ओळ फायनलीतून काढली, वर योग्य जागी लावली आणि खोटा बिघाड घालून सात वेळा चालवून पाहिली. सातही वेळा बिघाडाचा मेसेज जिथे यायला हवा तिथे आला. मग ती खालच्या मजल्यांवरच्या पिंपांत उरलेलं दोन बादल्या पाणी मागून आणायला गेली. तीन मजले फिरून, प्रत्येक ठिकाणी दोन शब्द ऐकून, बादल्या घेऊन ती परतली तेव्हा पाऊण तास गेला होता.

त्या पाऊण तासात दत्तारामकाका वर आले होते.

“हर्षा, साडेसात झाले. धा वाजता सभा. लोकांनी तोंडां धुवूक नाय. तुका शाल घालतलंय तर माका खुर्ची फेकून मारतले. पंप आत्ताच्या आत्ता चालू कर.”

“करतो काका. पण प्रोग्राम पहाटे साडेपाचलाच सुरू होतो. आधी नळाचं पाणी आलंय का बघतो, मग पुढे जातो. आत्ता सुरू केला तर पहिल्याच ओळीला म्हणेल, वेळ नाही, आणि परत फिरेल.”

“मग मधूनच सुरू कर.”

“मधून शिरता येत नाही. ट्रायमध्ये वरूनच यावं लागतं.”

“गिरणीत आम्ही खयसून पण आत शिरायचो.”

हर्षवर्धनला एका सचिवाने असं हिणवावं हे काही रुचलं नाही. पंप हाताने चालू करता आला असता, पण ते म्हणजे सगळ्या इमारतीसमोर हार मानणं होतं. त्याने विचार केला आणि त्याला उपाय सुचला. मधल्या ओळीवर उडी मारायला भाषा परवानगी देत नव्हती. म्हणून त्याने पंप चालू करणारी ती मधली ओळच उचलली, बाहेर आणली आणि मोबाइलवरच्या एका बटणाला बांधली. बटणावर लिहिलं, ‘पंप चालू’. सगळं मिळून चार मिनिटं.

“दाबा काका.”

काकांनी अंगठा दाबला. खाली पंप घरघरला. सव्वाआठला मायाताईंच्या नळातून आधी हवा, मग गढूळ, मग नितळ पाणी आलं. भिवाने बदललेला वायसर तेवढ्यात गळायला लागला, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. पाणी आलं म्हटल्यावर चौदा मजले एकदम अंघोळीला गेले. दत्तारामकाकांनी पंपरूमला कुलूप लावलं, किल्ली घरी नेली, अंघोळ केली आणि सभेची खास पँट घातली. हर्षवर्धननेही अंघोळ केली आणि आरशात स्वतःकडे पाहून शाल कोणत्या खांद्यावर बरी दिसेल याचा अंदाज घेतला.

दहा वाजता आवारात शंभरेक माणसं खुर्च्यांवर बसली होती. टेबल भिंतीला लागून मांडलं होतं, म्हणजे बोलणाऱ्याच्या मागे नवा बदामी रंग दिसावा. दत्तारामकाकांनी पाण्याचा विषय दोन वाक्यांत गुंडाळला (“किरकोळ तांत्रिक अडचण, आता सर्व ठीक”) आणि ते रंगाकडे वळले. बदामीच का, पिवळा का नाही, समोरच्या बिल्डिंगने निळा देऊन कसं वाटोळं करून घेतलं, असं सगळं ते सांगत होते.

सीमा उशिरा येऊन हर्षवर्धनच्या शेजारी बसली.

“पंप लावलास? छान झालं,” ती हळूच म्हणाली. “पण तुझी वेळेची अट होती ना? कसा सुरू केलास?”

“ती ओळ बाहेर घेतली. बटण केलं.”

“कुठली ओळ?”

“पंप चालू करायची.”

“फक्त ती?”

“हो.”

सीमा त्याच्याकडे वळली. मग तिने अगदी शांतपणे विचारलं, “आणि बंद कोण करणार?”

“फायनली करेल की. टाकी भरली की...”

“कुठलं फायनली? ते ट्रायमध्ये शिरणाऱ्याचं फायनली आहे. तू शिरलासच नाहीस. तू बाहेरूनच हात घालून पंप लावलास. टाकी भरलीय का हे बघणारंसुद्धा आत कोणी नाहीये, हर्ष. पंप किती वाजल्यापासून चालू आहे?”

हर्षवर्धनने घड्याळात पाहिलं. टाकी दोन तासांत भरायची. दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. त्याने मोबाइल काढला. पडद्यावर बटण एकच होतं आणि त्यावर ‘पंप चालू’ एवढंच लिहिलेलं होतं.

“नऊ वर्षांनी,” दत्तारामकाका म्हणत होते, “ह्या भिंतीक एक डाग दिसाचो नाय...”

पहिल्या रांगेतल्या एका बाईने मान वर केली. मग तिच्या शेजारणीने केली. गच्चीच्या कठड्याखालून एक लाल रेघ निघाली होती आणि ती सावकाश भिंतीवरून खाली येत होती. तिच्या मागून दुसरी निघाली. गच्चीवरचं पाणी खाली नेणाऱ्या नळ्या रंगाऱ्यांनी रंगासाठी काढल्या होत्या, त्या अजून परत बसवल्या नव्हत्या. त्यामुळे गच्चीवरचं पाणी आता थेट भिंतीवर येत होतं. बाराव्या मजल्यावर तिसरी रेघ येऊन मिळाली. लाल, गर्द, जांभळटपणाकडे झुकणारी.

“रक्त!” कोणीतरी ओरडलं.

खुर्च्या उलटल्या. दत्तारामकाकांना वाटलं लोक टाळ्या वाजवायला उठले, म्हणून त्यांनी हात जोडले. तेवढ्यात गर्दीतून त्याहून मोठी किंकाळी आली.

“माझी आमसुलां!”

रखमाकाकी साठीच्या होत्या, पण लिफ्टपर्यंत त्यांना कोणी गाठू शकलं नाही. दार लागलं, लिफ्ट वर निघाली. हर्षवर्धन मागोमाग पोचला तेव्हा त्याच्यासमोर फक्त लाल बाण होता.

“लॅपटॉप वर आहे!” तो ओरडला. “काका, पंपरूमची किल्ली?”

“घरी. दुसऱ्या पँटीत.”

“मग मी जिन्याने...”

“अकराव्या मजल्यार? तवसर धरण फुटतलां!” दत्तारामकाकांनी बाह्या सरसावल्या. गिरणीत यंत्र हाताबाहेर गेलं की काय करायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. ते तडक मीटररूममध्ये गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

पंप थांबला. पाणी थांबलं. चौदा मजल्यांवरचे पंखे, फ्रिज, टीव्ही थांबले. सगळीकडे एकदम शांत झालं आणि त्या शांततेत, सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधून, खोल विहिरीतून यावा तसा रखमाकाकींचा आवाज यायला लागला. काय म्हणत होत्या ते नीट कळत नव्हतं. पण त्यात दत्तारामकाकांचं नाव अनेकदा येत होतं आणि प्रत्येक वेळी त्याच्या आधी एक वेगळा शब्द होता.

मायाताईंच्या नवऱ्याने जिना चढून किल्ली आणली. पंपरूम उघडून स्टार्टर हाताने बंद केला, मग मेन स्विच वर ओढला. लिफ्ट सुरू झाली. रखमाकाकी आधी गच्चीवर जाऊन आल्या आणि मग खाली. त्यांच्या हातात एक पाटी होती. त्यात ओलीकच्च, फिकट पडलेली आमसुलं होती. त्यांनी पाटी टेबलावर ठेवली, शालीच्या आणि नारळाच्या शेजारी, आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. ते बघून सभा आपोआपच पुन्हा सुरू झाली.

भिंतीवर चौदाव्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत लाल पट्टे उतरले होते. वर गडद, खाली येताना फिकट.

“हर्षवर्धन सकपाळ,” दत्तारामकाका आता शुद्ध मराठीत बोलत होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “तो डबा आजच्या आज काढून टाका. गणपतला मी फोन करतो.”

हर्षवर्धन उभा राहिला. त्याच्या मनात तीन स्पष्टीकरणं तयार होती. एकात स्टार्टरचा दोष होता, एकात रंगाऱ्यांचा, आणि एकात काकांच्या पँटीचा. तिन्ही खरी होती. त्याने रखमाकाकींच्या पाटीकडे पाहिलं आणि तिन्ही तशीच ठेवून दिली.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “दोन्ही वेळा. पहिल्यांदा बिघाड झाला तो मी तुमच्यापर्यंत पोचूच दिला नाही. दुसऱ्यांदा घाईत अशा जागी शिरलो जिथून शिरायचं नसतं. सीमाने पहिली चूक सकाळीच दुरुस्त केली होती. दुसरी मी तिच्या नकळत केली. काकी, आमसुलांचं... मी गावाहून रातांबे मागवून देतो. सालांना रसाची पुटं द्यायलाही येतो.”

“तू?” रखमाकाकींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “येताना बायकोक घेऊन ये. तुझ्यार नजर ठेवूक.”

सभेत कोणीतरी हसलं. दत्तारामकाका मात्र हसले नाहीत. डबा काढण्याचा ठराव मांडायला त्यांनी वही उघडली. तेवढ्यात फाटकातून एक पन्नाशीचे गृहस्थ घाईघाईने आत आले. समोरच्या निळ्या इमारतीचे सचिव, धनेश मयेकर. दोन सोसायट्यांत पार्किंगवरून गेली सहा वर्षं बोलणं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांच्या माना वळल्या.

“सॉरी हां, मीटिंगमध्ये आलो,” धनेश म्हणाले. “परबकाका, सकाळपासून गॅलरीत उभं राहून बघतोय. काय पाणी हो तुमच्याकडे! गच्चीवरून सांडतंय! आमचा पंपवाला पाच दिवस झाले फिरकला नाही, आमच्याकडे टँकर. तुमच्या त्या पोराने प्रोग्राम बनवलाय म्हणे. आम्हाला मिळेल काय?”

दत्तारामकाकांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी हर्षवर्धनकडे पाहिलं, धनेशकडे पाहिलं आणि पाठ ताठ केली. समोरच्या बिल्डिंगवाल्यासमोर घरचं उघडं पाडणारा सचिव काळाचौकीत अजून जन्माला यायचा होता.

“मिळतलो,” ते म्हणाले. “पण तसोच नाय. आमच्याकडे आधी सूनबाई तपासता, मग तो चालता. ती नाय म्हणाली की बंद.”

“चालेल ना!” धनेश खूश झाले. “आणि मध्येच काय बिघडलं तर?”

“तर लोकांका कळता. लपवाचां नाय, असो नियम आसा आमचो. आत शिराचां ता वरच्या दारान, आणि मधीच कोण उडी मारीत असलो तर तंगडी मोडाची.”

सीमाने ओठ घट्ट दाबून धरले. नियम जवळपास बरोबर होता. हर्षवर्धन पहिल्यांदाच त्यात काही दुरुस्ती न करता खुर्चीत बसून राहिला.

धनेश जायला निघाले, पण फाटकाजवळून परत फिरले.

“काका, अजून एक. रंग भारी झालाय. ते वरून खाली फिकट होत आलेले लाल पट्टे, आमच्या कमिटीच्या बायकांना जाम आवडलेत. कालपर्यंत नव्हते ना? शेड कुठली ती?”

आवारातल्या शंभर माना एकदम भिंतीकडे वळल्या. दत्तारामकाका सावकाश मागे वळले. त्यांनी ती भिंत चौदाव्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत डोळे बारीक करून पाहिली, आणि पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरत गेला.

“कोकमी,” ते म्हणाले. “गावातसून मागवलेली आसा. दुकानात मिळाची नाय.”

“वा! पण मग एकाच बाजूला का?”

दत्तारामकाकांनी घसा साफ केला, वही उघडली, मिटली. तेव्हा पहिल्या रांगेतून रखमाकाकी उठल्या, टेबलावरची पाटी कमरेवर घेतली आणि धनेशना म्हणाल्या,

“दुसऱ्या बाजूचां काम पुढल्या आठवड्यात. माल येवचो आसा.”